सोवळ्यातला डेक

माझी भाची इथं हैदराबादेतच, कुकटपल्लीत एका कंपनीत कामाला आहे. मराठी तिला छान बोलता येतं, वाचताना मात्र अडखळते, त्यामुळे हे ती वाचणार नाही असं धरूनच लिहितोय. मागच्या रविवारी ती जेवायला आली आणि भात कालवता कालवता म्हणाली, "मामा, तू कॉलेजात असताना डेथ मेटल ऐकायचास म्हणे. मग सांग ना, कुठून सुरू करू? जुनं आणि चांगलं पाहिजे. सगळ्यांना माहीत असलेलं नको."

हा प्रश्न कुणी विचारला की माझी कळी खुलते. बायकोला हे ठाऊक आहे, त्यामुळे ती ताट उचलून आत निघून गेली.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारच्या तारा पार सैल सोडून सूर खाली उतरवलेला असतो. ढोल असे वाजतात की वाजवणाऱ्याला दोनच पाय आहेत यावर विश्वास बसत नाही. आणि गाणारा गात नाही, पोटातून गुरगुरतो. माझ्या वडिलांचं शेतीपंपांचं दुकान होतं. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "बोअरला पाणी लागलेलं नाही आणि मोटर कोरडी चालू आहे." यापेक्षा चांगलं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

भाचीला मी सांगितलं, "पहिली 'वखार' ऐक. मग 'दलदल'. आणि मन तयार झालं की 'विहीर'."

ती फोनवर शोधत बसली. "मामा, असलं काहीच सापडत नाही."

सापडणार कसं? ही नावं आमची होती. त्या काळी आमच्याजवळ रेकॉर्ड उरायच्या त्या कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या, कव्हराशिवाय. मूळ कव्हर हातात आलं तरी बँडचं नाव बाभळीच्या काटक्या पसरल्यासारखं लिहिलेलं असायचं, ते कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं. मग आम्हीच बारशी केली. स्वीडनहून आलेल्या एका रेकॉर्डमधल्या गिटारी लाकूड कापणाऱ्या करवतीसारख्या वाजत, ती 'वखार'. फ्लोरिडाची एक होती, तिच्यात सगळे आवाज चिखलात रुतत रुतत वर येत, ती 'दलदल'. आणि 'विहीर' नेमकी कुठली हे आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. तिच्यातला माणूस खाली बसून गात होता. किती खाली, ते दिसत नव्हतं. फक्त आवाज वर येत होता.

या रेकॉर्ड आणायचा माझा मस्कतचा मामेभाऊ. दर उन्हाळ्यात मामाबरोबर तो हिमायतनगरला आमच्या घरी यायचा, आंबे खायचा आणि परत जायचा. त्याच्या कॅसेट खऱ्या, दुकानातल्या असत आणि त्या त्याच्याबरोबरच परत जात. तो असेपर्यंत त्या उतरवून घ्यायच्या. त्यासाठी आमच्याकडे मामानंच दिलेला दोन कॅसेटचा डेक होता. डाव्या खणात मूळ कॅसेट वाजवायची, उजव्या खणात कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची.

आता त्या डाव्या खणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथं घडलं.

आईचं सोवळं कडक होतं. आमचे आजोबा निजामाच्या मुलखातले शेतकरी, तिथून ही शिस्त शहरात आली आणि फ्लॅटमध्येही टिकली. देवाची भांडी वेगळी, पाणी वेगळं, आणि नैवेद्य होईपर्यंत त्या ओट्याकडे आम्ही बघायचंसुद्धा नाही. मी आईची कितीही थट्टा केली तरी त्याच घरात वाढलेलो. डेक आला तेव्हा मामा म्हणाला होता की टेप वाचणारं हेड झिजलं की आवाज गेलाच म्हणून समज. झालं. मी डावा खण सोवळ्यात टाकला. त्यात फक्त परदेशातून आलेली खरी कॅसेट लागणार, तीही हात धुऊन. आईचे अभंग, वडिलांच्या गझला, तेलुगू सिनेमाची गाणी, सगळं ओवळं उजव्या खणात. वर क्रोशाचा रुमाल होता, तोही फक्त डाव्या बाजूवर यायचा. आई कौतुकानं म्हणायची, "माझ्यापेक्षा याचंच जास्त झालंय."

या सोवळ्यात भागीदार होता माझा विद्यानगरचा मित्र. त्याचे वडील विद्यापीठात नोकरीला होते. घरची भाषा तेलुगू, माझ्याशी दखनी, आणि माझ्या आईशी मराठी, म्हणजे त्याला जी मराठी वाटायची ती. आमचा एक रिवाज होता. रेकॉर्डची शिफारस तोंडानं करायची नाही. ज्याला ती ऐकवायची त्याच्याशेजारी जमिनीवर बसायचं आणि एक बाजू संपेपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही. बाजू संपली की समोरच्यानं पहिला शब्द उच्चारायचा. तो शब्द "मस्त" असला तर त्याला काही कळलेलं नाही असं समजायचं.

'विहीर' मी त्याला ऐकवली ती दुपार मला अजून आठवते. पडदे ओढलेले होते, कूलरमधून वाळ्याचा वास येत होता. बाजू संपली, कॅसेट खटकन थांबली. मी वाट बघत बसलो. शेवटी तो म्हणाला, "ये आदमी है?"

मी म्हटलं, "हौ."

"आदमी इत्ता नीचे जा सकता?"

त्याचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. मी त्या आवाजाला घाबरलो होतो, आणि मजाही घेत होतो. त्यानं मात्र ती खोल जागा आपल्यालाच दाखवलेली आहे असं मानलं. माणूस तिथं गेलाय, म्हणजे मलाही जाता येईल, एवढाच त्याचा हिशोब होता.

दुसऱ्या दिवसापासून तो विद्यापीठामागच्या दगडांत जायला लागला. हैदराबादच्या त्या मोठमोठ्या काळ्या शिळा एकमेकींवर कशा तोलून बसल्यात ते देवच जाणे. त्यांच्यामध्ये एक सावलीची फट होती, तिथं उभं राहून तो पहाटे आवाज लावायचा. सुरुवातीला तो ठसका लागल्यासारखा वाटायचा आणि मी हसायचो. महिनाभर त्याचा घसा बसला. आईनं त्याला ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्या आणि विचारलं, "गाणं शिकायलास का रे?" तो म्हणाला, "हौ काकू, खालचा गाणा." आईला वाटलं खर्जाचा रियाज करतोय. तिचं फार चुकलं नव्हतं.

हळूहळू त्याला कळलं की गळा सोडून द्यायचा आणि पोट धरायचं. मग आवाज उतरायला लागला. वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याला कंपनीत नोकरी लागली, मलाही लागली. घराघरांत केबल आली, रस्त्यांवर नव्या गाड्या आल्या, दुकानांत परदेशी कॅसेट मिळायला लागल्या, आणि हा मात्र त्या एका फटीत रोज एकेक पायरी खाली उतरत होता. मी अधूनमधून सोबत जायचो. तो शेवटचा, लांब हुंकार घेई तेव्हा मी शिळेला हात लावायचो. दगड थरथरत होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण हात लावावासा वाटायचा, आणि लावल्यावर काढवत नसे.

बेंगळूरच्या एका बँडचा गिटारवाला नात्यातल्या लग्नासाठी हैदराबादला आला होता. कुणाच्या तरी ओळखीनं तो एका सकाळी आमच्याबरोबर दगडांत आला. मित्राचा आवाज लावून झाल्यावर तो गडी कितीतरी वेळ पाठ फिरवून उभा राहिला. मग त्यानं सरळ विचारलं, आमच्यात येतोस का? आम्ही स्वतःची कॅसेट काढतोय, गाणारा नाही.

मित्र म्हणाला, "अबी नक्को. अबी नीचे तक नहीं पहुँचा."

मी परतताना त्याच्यावर चिडलो. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं. पण त्याचं ठरलेलं होतं. 'विहिरी'च्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीस तो माणूस एक हुंकार घेतो. तो खाली जातो, आणखी खाली जातो आणि तिथं थांबून राहतो. मित्र तिथपर्यंत जायचा, पण थांबता येत नव्हतं, आवाज फाटायचा. तेवढं जमल्याशिवाय लोकांसमोर उभं राहणं त्याला खोटेपणा वाटत होता. "उनो वहाँ बैठ के गाता," तो त्या रेकॉर्डमधल्या माणसाबद्दल म्हणायचा. "मैं जाके भाग के आता."

बेंगळूरवाले चिकाटीचे. त्याच्या घरी फोन नव्हता, म्हणून आमच्याकडे करायचे. फोन आई घ्यायची आणि मला सांगायची, "बेंगळूरचा पोरगा पुन्हा विचारायलाय. काय सांगू?" त्यांनी मधे एक कॅसेट पाठवली, त्यात आमची 'वखार' होती; उतरवलेली म्हणून ती उजव्या खणात लावली. ती आम्हाला चक्क चिरकी वाटली, कुणीतरी मागं लागल्यासारखी पळत होती. आम्ही दोघं हसलो आणि त्यांची कीव केली. त्यांचा डेक बिघडलाय बिचाऱ्यांचा, यावर आमचं एकमत झालं. सोवळ्यातल्या माणसाला जग नेहमी ओवळंच दिसतं.

शेवटी फोनवर निरोप आला. महिनाअखेर स्टुडिओ ठरलाय, तोपर्यंत हो म्हणा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. मी मित्राला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दुसरा बघू देत. शिवाय आता पहाटे उठणंही बंद करीन म्हणतो. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. इतकी वर्षं एका ठिकाणी उतरायचं आणि शेवटची पायरी सापडली नाही म्हणून परत फिरायचं, हे मला बघवत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात पुण्याचा एक जण नवीन आला. त्याला हे संगीत माहीत होतं, एवढ्यावरून आमची गट्टी जमली. मी त्याच्यासमोर 'विहिरी'ची आरती ओवाळली. नाव माहीत नाही म्हणून गाणी तोंडानं वाजवून दाखवली. त्यानं ती ओळखली. म्हणाला, "हां, ती होय. बरी आहे. दुर्लक्षित आहे हे खरं. पण तू म्हणतोस तेवढा खोल नाहीये रे आवाज."

पुण्याच्या माणसानं मला खोलीबद्दल सांगावं याचा मला मनस्वी राग आला. मी त्याला बरंच काही बोललो. दुसऱ्या सोमवारी त्यानं ती सीडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती ऑफिसच्या संगणकावर लावली.

ती 'विहीर'च होती. गाणी तीच, क्रमही तोच. पण ती पळत होती. गिटारी उजेडात आल्या होत्या. आणि तो माणूस, आमचा खाली बसलेला माणूस, चांगला तगडा, रागीट, पण माणसासारखा माणूस होता. शेवटचा हुंकार आला. तो माझ्या मित्रानं कधीच मागं टाकला होता. दगडांतल्या त्या पहाटा मला आठवल्या आणि हातातला डबा तसाच राहिला. पुण्याचा सहकारी म्हणाला, "काय झालं रे?" मी म्हटलं, ही सीडी आजच्या दिवस मला दे.

महिना संपायला अजून चार दिवस होते आणि बेंगळूरला नकार मी कळवला नव्हता. संध्याकाळी मी मित्राला घरी बोलावलं. त्याला सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. तू कशाच्या मागं धावलास ते कळल्यावर हा हसेल, की कायमचा गप्प होईल? सीडी प्लेअर मी शेजाऱ्यांकडून मागून आणला होता. रिवाजाप्रमाणे आम्ही जमिनीवर बसलो, आणि मी काहीही न सांगता ती लावली.

पहिल्या गाण्यातच त्यानं माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्ड संपली. तो म्हणाला, "सीडी जल्दी चल रही. खराब है."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं आमचं हे सगळं वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं. ती म्हणाली, "सीडी खराब की तुमचा डेक, ते कसं कळणार? माझी अभंगाची कॅसेट लाव बरं तिकडं. डाव्या बाजूला."

इतक्या वर्षांत त्या खणात घरातलं, ओळखीचं एकही गाणं वाजलेलं नव्हतं. मी रुमाल बाजूला केला आणि आईची कॅसेट लावली.

त्या गायिकेचा आवाज आमच्या घरात रोज सकाळी असायचा, मी तो झोपेतही ओळखला असता. डाव्या खणातून जे बाहेर आलं ते एखाद्या पडसं झालेल्या बुवाचं गाणं होतं. टाळ जडावलेले, मृदंग पेंगुळलेला. आईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई, हिला काय मिशा फुटल्या का रे?"

मी मागचं झाकण उघडून पाहिलं. मोटर दोन्ही खणांना एकच, पण डाव्या बाजूचा रबरी पट्टा सैल पडून घसरत होता. पहिल्या उन्हाळ्यापासून तसाच असणार. मूळ कॅसेट हळू वाजायची, तिचा आवाज जड व्हायचा, आणि उजव्या खणातली कोरी कॅसेट तो जसाच्या तसा टिपून घ्यायची. आमची 'वखार' आणि 'दलदल' त्या पट्ट्यानं खाली ओढली होती, आणि 'विहीर' तर त्यानंच खणली होती.

मित्र मांडी घालून बसलेला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"मतलब, उधर नीचे कोई नहीं था?" त्यानं विचारलं.

"नाही."

"गोरा ऊपरइच था?"

"हौ."

तो डेककडे पाहत होता. आईचं हसू थांबलं होतं.

"तो मैं उधर अकेलाच था," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. आणि हे म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, तो आत्ता लिहितानाही येतोय. कुणीतरी तिथं बसलेलं आहे या भरवशावर तो रोज अंधारात उतरत गेला होता, आणि तिथं कुणीच नव्हतं. जगातल्या कुठल्याच माणसानं ती जागा गाठलेली आहे असं मला वाटत नव्हतं. एका सैल पट्ट्यानं ती दाखवली आणि विद्यानगरचा एक नोकरदाराचा पोरगा तिथं जाऊन आला.

मग तो आईला म्हणाला, "काकू, थोडा गरम पाणी पाहिजे." आईनं तांब्याभांडं आणलं, ते देवाकडचं होतं हे मला दिसलं, पण मी बोललो नाही. तो पाणी प्यायला, उठला, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आमच्या घरात त्यानं कधीच आवाज लावला नव्हता. कुणाच्याच घरात लावला नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि तो शेवटचा हुंकार घेतला.

तो खाली गेला. नेहमी जिथं फाटायचा तिथं पोचला, आणि तिथं थांबला. त्यानंतर मी कितीतरी रेकॉर्ड ऐकल्या, नावाजलेल्या आणि विसरलेल्या, चांगल्या यंत्रांवर, योग्य वेगानं. मला भाचीला त्या सगळ्या सांगायच्या आहेत, आणि तिनं त्या ऐकाव्यात असं मनापासून वाटतं. पण त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत जे ऐकलं ते मला पुन्हा कुठं भेटलेलं नाही. मांडणीवरचे स्टीलचे डबे किणकिणले. आईनं नकळत हात जोडले होते.

आवाज संपला तेव्हा आई म्हणाली, "पोरा, कुणाला घाबरायलास तू? तिथं तर कुणीच नाही."

त्यानं डोळे उघडले. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. मी पट्टा बदलून आणायचं काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाला, "नक्को. वैसाच रहने दे." मग त्यानं फोनकडे बोट केलं.

"बेंगळूर को लगा," तो म्हणाला. "बोल, मैं आ रहा."